नगरभवनाची पश्चिम बाजू

३ मार्च, सोमवार

सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, जुन्या नगरभवनाची तांत्रिक तपासणी होणार. तांत्रिक तपासणी म्हणजे काय हे छत्तीस वर्षं याच इमारतीत नोकरी केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पाडायचं ठरलंय, आता कागद गोळा करायचेत. निमित्त काय, तर गेल्या महिन्यात घड्याळाच्या मनोऱ्यावरून वीतभर प्लास्टर निखळलं आणि खाली लावलेल्या स्कूटरवर पडलं. स्कूटर नेमकी अध्यक्षांच्या मेव्हण्याची. दुसऱ्या कोणाची असती तर भलत्या जागी लावली म्हणून त्यालाच दंड झाला असता.

वीस तारखेला सभा. सभेपुढे नवी मोजणी ठेवणार आणि शेजारी तुलनेसाठी मी एकतीस वर्षांपूर्वी काढलेला नकाशा. मूळ नकाशे वाळवीने कधीच फस्त केलेत, त्यामुळे या इमारतीचा जन्मदाखला म्हणायचा तर माझा नकाशाच. दर्शनी भागाचं ते चित्र फ्रेम करून मुख्य दारात टांगलंय. कार्यालयाच्या प्रत्येक पत्राच्या माथ्यावर तेच छापतात. मधोमध साठ फुटांचा मनोरा, पूर्वेला एक दालन, पश्चिमेला एक दालन, सगळं तोलून मापून. एकेक इंच मी स्वतः टेप धरून मोजलाय. मे अखेरीस मुख्य आरेखक म्हणून निवृत्त होईन, तेव्हा माझं म्हणून मागे राहणार ते एवढंच. आणि आता त्याचाच आधार घेऊन हे इमारत पाडणार!

घरी सांगितलं. बायको म्हणाली, "बरं." आणि भाजी निवडत बसली. ही स्वतः वीस वर्षं पूर्व दालनात जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसलेली. माणसाला काही वाटायला नको?

५ मार्च, बुधवार

मोजणीला पाठवलंय कोणाला, तर अठ्ठावीस वर्षांची एक इंजिनियर. तिवईवर यंत्र ठेवते, बटण दाबते, भिंतीवर लाल ठिपका पडतो, की झालं. टेप नको, ओळंबा नको, शिडी नको. तोंडावर तिला मॅडम म्हणतो, या वहीत मात्र यंत्रवाली. साठ फुटांचा मनोरा तिने माझा चहा निवायच्या आत मोजला. मला चार दिवस लागले होते.

"चार दिवस फक्त मनोऱ्याला, सर?"

"सगळ्या इमारतीला. पण इंचाइंचाचं काम होतं."

"फोटो पाहिलाय मी तुमच्या नकाशाचा. पूर्व बाजूला खिडक्यांच्या चौकटीवरची नक्षीसुद्धा घेतलीत."

मी म्हटलं, तेव्हा लोक काम मन लावून करायचे. ती हसली. हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

दुपारी मास्तर आले. हे इतिहासाचे निवृत्त शिक्षक. 'आपले नगरभवन' नावाची पुस्तिका यांनी लिहिलीय आणि भेटेल त्याच्या हातात कोंबतात. पाडण्याची कुणकुण लागल्यापासून माझ्या टेबलासमोरून हलत नाहीत. "अहो, हा मनोरा वर जाताना दोन्ही बाजूंनी सात सात इंच आत येतो! किंचित निमुळता! त्या काळी असा विचार करणारा वास्तुकार म्हणजे..." हे सात इंच मास्तरांना कळले ते माझ्याच नकाशावरून, आणि ते मलाच ऐकवतात. अर्धा तास गेला.

६ मार्च, गुरुवार

रात्रीच्या जेवणाच्या वेळी यंत्रवालीचं बोलणं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "नक्षी घेतलीच होती तुम्ही. माझ्या खिडकीची चौकट तर तीनदा मोजलीत. मी मागे रांग लागलीय म्हणून ओरडले होते."

याला अचूकपणा म्हणतात. हिला त्याचं कौतुक तेव्हाही नव्हतं.

१० मार्च, सोमवार

डोकं फिरायची वेळ आलीय.

यंत्रवालीने मनोऱ्याचा नवा नकाशा माझ्या नकाशाशेजारी टेबलावर पसरला. म्हणाली, मनोऱ्याची पूर्वेकडची भिंत वर जाताना सात इंच आत येते, तुमच्या नकाशाशी तंतोतंत जुळतं. मी म्हटलं, जुळणारच. मग तिने पश्चिमेच्या भिंतीवर बोट ठेवलं. माझ्या नकाशात तीही सात इंच आत येते. तिच्या यंत्रात ती सात इंच बाहेर गेलीय.

साहेबांनी लगेच बेरीज केली. "एकतीस वर्षांत चौदा इंच! भिंत सुटत चाललीय." त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्यांच्या बढतीच्या दिवशीही पाहिला नव्हता.

यंत्रवाली म्हणाली, "पण सर, पूर्वेची भिंत जागेवर आणि पश्चिमेची चौदा इंच बाहेर, म्हणजे मनोरा वरच्या अंगाला चौदा इंच रुंद झाला. मग आतली जमीन फाटायला हवी होती. आत तर केसाएवढी एक भेग आहे."

"मग यंत्र चुकलं असेल," मी म्हटलं.

"तीनदा लावलं."

"यंत्र तीनदाही चुकू शकतं, मॅडम. माझा नकाशा चुकलेला नाही."

हे मी जरा मोठ्याने बोललो. बाहेरच्या टेबलांवरचे लोक बघायला लागले.

११ मार्च, मंगळवार

यंत्रवालीने विचारलं, माझी त्या वेळची मोजणीवही कुठे आहे. मी म्हटलं, एकतीस वर्षांपूर्वीची वही कोण ठेवतं?

माळ्यावरच्या पेटीत आहे. पण मी काय कोणाला जाब द्यायला बसलोय?

१३ मार्च, गुरुवार

साहेबांनी नव्या इमारतीचं चित्र आणलं. सगळी काच. तिच्यात कोण बसणार, उन्हात भाजून निघणार, याचा विचार कोणी केलेला नाही. मास्तरांनी ते चित्र पाहिलं आणि खुर्चीत बसून डोळे पुसायला लागले. त्यांना पाणी आणून द्यावं लागलं. पाणी पिऊन झाल्यावर पुन्हा निमुळत्या मनोऱ्याबद्दल सुरू झाले. माझा अंत पाहतात.

घरी आलो तर बायको बोलेना. विचारलं तर म्हणे, "काही नाही, पूर्व दालनही पाडणार का?"

मी म्हटलं, सगळंच पाडणार, त्यात पूर्व आणि पश्चिम असं काय? उठली आणि आत गेली. सध्या हिचं काय बिनसलंय कळत नाही. गुडघा दुखत असेल.

१४ मार्च, शुक्रवार

यंत्रवालीने मला मनोऱ्यात चढवलं. एकशे चार पायऱ्या, सत्तावन्नाव्या वर्षी! वर घड्याळाच्या खोलीत तिने यंत्र न काढता पिशवीतून साधी पाणसळ काढली आणि फरशीवर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये. दाराची चौकट, खिडकीची चौकट, सगळं सरळ.

"भिंती कललेल्या आणि फरशी सपाट. कसं काय, सर?"

मी म्हटलं, गवंड्याचं काम आहे. बांधताना खालचा भाग कलला असेल तर वरचा मजला घालताना गवंडी पाणसळ धरून फरशी सपाट करतो.

"म्हणजे मनोरा बांधतानाच कलला होता. नंतर नाही."

माझ्या नकाशात मनोरा कललेला नाहीच. निमुळता आहे. दोन्हीपैकी एकच खरं असणार.

उतरताना गुडघ्यांनी साथ सोडली. तिने हात दिला, तो घ्यावा लागला.

१६ मार्च, रविवार

बायको बहिणीकडे गेली होती. पेटी काढली.

वही सापडली. पूर्व बाजूची बावीस पानं. खिडक्या, चौकटी, नक्षी, पायऱ्या, मनोऱ्याच्या पूर्वेच्या कडेला वरून सोडलेला ओळंबा, दर दहा फुटांवर भिंतीपासूनचं अंतर. सुंदर अक्षर. मग तेविसावं पान. वर लिहिलंय 'पश्चिम बाजू', आणि खाली एकच ओळ: 'पूर्वेच्या बाजूसारखीच.'

बाकी कोरं.

मग सगळं आठवलं, आणि आठवलं म्हणण्यापेक्षा इतकी वर्षं स्वतःला जे सांगत आलो ते गळून पडलं. मी पश्चिम बाजू मोजलीच नव्हती. चारही दिवस पूर्वेला काढले. पाचव्या दिवशी नकाशा द्यायचा होता, तेव्हा ट्रेसिंगचा कागद मधल्या रेघेवर दुमडला आणि पूर्वेवरून पश्चिम गिरवून काढली. असं करणारा मी पहिला नाही. इमारत दोन्हीकडून सारखी दिसली की निम्मे आरेखक हेच करतात, फक्त बोलत नाहीत. पूर्वेची कड सात इंच आत येत होती, ती गिरवल्यावर पश्चिमेचीही आली. मनोरा निमुळता दिसायला लागला. मला तो आवडलासुद्धा.

चार दिवस पूर्वेला काय करत होतो, हे या वहीत लिहिण्याचीही लाज वाटते. तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. त्या खिडकीत एक नवी मुलगी लागली होती आणि तिच्याशी बोलायला माझ्याकडे टेपशिवाय दुसरं काही निमित्त नव्हतं.

१७ मार्च, सोमवार

सांगायला साहेबांच्या दारापर्यंत गेलो. आत ते फोनवर माझाच नकाशा वाचून दाखवत होते. "आमच्या मुख्य आरेखकांनी इंचन्‌इंच मोजलेला आहे," वगैरे. परत आलो.

सांगितलं नाही तर इमारत जाते. सांगितलं तर मी जातो. म्हणजे नोकरीतून नाही, अडीच महिने राहिलेल्या माणसाला कोण काढतो, पण छत्तीस वर्षांत मिळवलेलं जे नाव आहे ते जातं. दारातली ती फ्रेम उतरवतील. माझ्या हाताखाली शिकलेले सगळे हसतील. त्यांना मीच शिकवलंय, न मोजता रेघ ओढू नका म्हणून.

आणि हे सगळं त्या यंत्रामुळे! दुसऱ्या कोणाला तीनदा लावायची बुद्धी झाली नसती.

१९ मार्च, बुधवार

बायकोला सांगून टाकलं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"तुम्ही तिकडे गेलाच नाहीत ते. चार दिवस माझ्या डोळ्यांसमोर होतात. मला वाटलं, तिकडचं काम दुसऱ्या कोणाकडे असेल."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? नकाशा फ्रेम झाला, तुमचं नाव झालं. आणि माझ्यासाठी कोणी चार दिवस टेप धरून उभं राहिलं होतं, ते तेवढंच. ती फ्रेम मला आवडायची."

मी विचारलं, मग उद्या काय करू?

"मला विचारताय का? तुमचं ठरलेलं दिसतंय. शर्ट इस्त्री करून ठेवते."

माझं काहीच ठरलेलं नव्हतं. बायका असं कसं बोलतात, मला या जन्मी कळायचं नाही.

२० मार्च, गुरुवार

सभा झाली.

साहेबांनी दोन्ही नकाशे भिंतीवर लावले आणि चौदा इंच चारदा उच्चारलं. अध्यक्षांनी विचारलं, कोणाला काही म्हणायचंय का. मास्तर उठले, त्यांना बसवलं. मग मी उभा राहिलो.

"जुना नकाशा माझा आहे," मी म्हटलं. "त्यातली पश्चिम बाजू मी मोजलेली नाही. कागद दुमडून पूर्वेवरून गिरवलीय."

अध्यक्षांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

साहेब म्हणाले, "तुम्हाला बरं नाहीये का?"

"बरं आहे. पूर्व बाजू मात्र इंचन्‌इंच खरी आहे. ही वही." वही अध्यक्षांपुढे ठेवली. "पूर्वेची भिंत तेव्हा सात इंच आत झुकलेली होती, आजही सात इंचच आहे. म्हणजे मनोरा निमुळता नाही, पश्चिमेकडे कललेला आहे. बांधला तेव्हापासून. आणि एकतीस वर्षांत तो जागचा हललेला नाही."

यंत्रवालीने लगेच पाणसळीचं सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं, पश्चिमेकडेच का कलला? कोणालाच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात मास्तर, खाली मान घालून, पुटपुटले, "तिथे आधी जनावरांना पाणी पाजायचा हौद होता. बुजवून पाया घातला. पुस्तिकेत बरं दिसलं नसतं म्हणून मी लिहिलं नाही."

सगळे हसायला लागले. मास्तर हसले नाहीत. मला म्हणाले, "पुस्तिकेची तिसरी आवृत्ती छापून आलीय हो परवा!"

अध्यक्षांना दुसरीकडे जायचं होतं, त्यामुळे निर्णय पटकन झाला. पाडकाम तूर्त थांबवायचं. भेगेवर काचेच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि वर्षभर बघायचं. भिंत हलली तर काच तडकेल. नगरभवनाचा नवा नकाशा, पूर्ण मोजून, मे अखेरपर्यंत.

"आणि तो यांनीच काढायचा," साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले.

२४ मार्च, सोमवार

नोटीस मिळाली. न केलेली मोजणी केल्याचं दाखवल्याबद्दल सात दिवसांत लेखी खुलासा करावा. मोजणीसाठी मिळालेले चार दिवस आपण कोठे होतात तेही नमूद करावे. पत्राच्या माथ्यावर अर्थातच माझा निमुळता मनोरा.

दारातली फ्रेम उतरवलीय. भिंतीवर फिकट चौकोन राहिलाय. येणारा जाणारा तिथे बघतो आणि मग माझ्याकडे बघतो. खालच्या मजल्यावरचे दोघे जण 'दुमडा, दुमडा' म्हणून खुणा करतात. करू देत.

खुलाशात लिहिलं: पूर्व दालनातील नोंदणीच्या खिडकीसमोर होतो. बायकोने वाचून पाहिलं आणि म्हणाली, "साहेबांना हसू येईल." साहेबांना कशाचंही हसू येत नाही. पण मला आतून बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. कोणाचं नुकसान झालं नाही, इमारत वाचली. चूक होती, पण तशी निरुपद्रवी.

२७ मार्च, गुरुवार

आज पश्चिम दालन मोजायला घेतलं. यंत्रवाली मदतीला. मी म्हटलं, यंत्र नको. तिने मुकाट्याने टेपचं टोक धरलं.

पश्चिमेला पाणीपट्टी विभाग. आमचं त्यांच्याकडे काही काम पडत नाही, त्यामुळे आत पाऊल टाकायची वेळ कधी आली नव्हती. सकाळचे अकरा वाजलेले, बाहेर लख्ख ऊन, आणि आत कोपऱ्यातल्या टेबलावर दिवा लावून एक कारकून नाक कागदाला टेकवून लिहीत होते. जाड भिंगांचा चष्मा. आम्हाला पाहून उठले, खुर्ची पुढे केली.

यंत्रवालीने मोजलं आणि म्हणाली, "सर, खिडक्या तीन. तुमच्या नकाशात चार आहेत."

असणारच. पूर्वेला चौथ्या जागी नोंदणीची खिडकी आहे. इथे त्या जागी सरळ भिंत, आणि भिंतीला लागून त्या कारकुनांचं टेबल.

"चौथीसाठीच तर अर्ज करतोय," ते म्हणाले. अगदी सहज बोलले. कपाटातून एक फाइल काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. सव्वीस वर्षांतले सात अर्ज. दालनाच्या या कोपऱ्यात उजेड येत नाही, डोळ्यांना त्रास होतो, भिंतीत एक खिडकी काढून मिळावी. सातही अर्जांना एकच उत्तर: नकाशानुसार आपल्या दालनात चार खिडक्या असून त्या पुरेशा आहेत, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. खाली शेरा, 'नकाशावरून खात्री केली', आणि सही.

सातही सह्या माझ्या. एकही अर्ज आठवत नाही. वर माझ्या टेबलावर कागद आला असेल, मी मान वळवून नकाशा बघितला असेल, चार खिडक्या मोजल्या असतील आणि सही ठोकली असेल. खाली उतरून यायला दोन मिनिटं लागतात.

मी फाइल मिटून परत दिली. शेवटी म्हटलं, "तुम्ही वर येऊन भांडला का नाहीत?"

"तुमच्याशी?" ते म्हणाले. "तुम्ही मोजून लिहिलेलं. मला वाटलं, माझंच काही चुकत असेल. एकदा सुट्टीच्या दिवशी येऊन हे कपाट सरकवून बघितलं, मागे आहे की काय म्हणून."

यंत्रवाली खिडकीबाहेर बघायला लागली.

मी म्हटलं, आता अर्ज द्या, मी स्वतः घेऊन जातो, महिन्याभरात खिडकी होईल. ते म्हणाले, आता राहू द्या, डॉक्टर म्हणतात उजेडाने फरक पडायचे दिवस गेले. आणि पुन्हा दिव्याखाली जाऊन बसले. त्यांना आजची थकबाकीची यादी संपवायची होती.

मी टेप पुन्हा लावला. पहिल्या खिडकीपासून दुसरी, दुसरीपासून तिसरी, तिसरीपासून कोपऱ्यापर्यंत अकरा फूट साडेचार इंच सलग भिंत. वहीत लिहिलं: पश्चिम दालन, खिडक्या तीन.